खाली शटर, वर दोन मजले, पायात काळी माती: आरसीसी विश्लेषणात ताठपणा कुठे किती धरायचा

कॉलमच्या तळाशी ‘फिक्स्ड’ (अजिबात न फिरणारा) लिहायचे, बीम-कॉलमची मापे टाकायची, विटांच्या भिंती फक्त वजन म्हणून बीमवर ठेवायच्या आणि ‘रन’ दाबायचे. आकडे येतात, सळई निघते, नकाशा छापला जातो. दारव्हा, दर्यापूर, मोर्शी, पुलगाव अशा विदर्भातल्या गावांतल्या बहुतेक दुमजली-तिमजली इमारतींचे विश्लेषण असेच होते. त्यात बेरीज-वजाबाकीची चूक नसते. चूक असते ती ताठपणाच्या, म्हणजे स्टिफनेसच्या गृहीतकात. कुठला भाग किती वाकेल, पाया किती फिरेल, भिंत किती भार अंगावर घेईल, हे आपण न ठरवता सॉफ्टवेअरच्या आधीपासून भरलेल्या आकड्यांवर सोडून दिलेले असते.

या लेखात शेवटपर्यंत एकच नमुना इमारत घेऊ. रस्त्याकडे तोंड ७ मीटर, खोली १४ मीटर. दोन्ही दिशांना कॉलम ३.५ मीटरवर, एकूण १५. तळमजल्यावर शटरची दुकाने, वर राहण्याचे दोन मजले, मजल्याची उंची ३.१ मीटर. कॉलम आणि बीम दोन्ही २३० × ४५० मिमी, स्लॅब १२५ मिमी, काँक्रीट एम२५. शटरला जास्तीत जास्त रुंदी मिळावी म्हणून सगळ्या कॉलमची २३० ची बाजू रस्त्याकडे आणि ४५० ची आत. फूटिंग, म्हणजे कॉलमखालचा पसरट पाया, १.५ × १.५ मीटर, प्लिंथ (जोते) बीमच्या खाली २ मीटरवर. तालुक्याच्या बाजारपेठेत अशी इमारत दर दहा पावलांवर दिसेल.

आधी प्रश्न ठरवा, मग ताठपणा

उभ्या भाराखाली बीमचे मोमेंट, म्हणजे वाकवणारे जोर, कसे वाटले जातात, हे भागांच्या ताठपणाच्या गुणोत्तरावर ठरते. सगळ्या बीम-कॉलमचा ताठपणा निम्मा केला तर विस्थापने दुप्पट होतात, पण मोमेंट तेच राहतात. म्हणूनच आयएस ४५६:२००० या काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये पूर्ण छेद (सगळे काँक्रीट), रूपांतरित छेद (सळईही धरून) किंवा तडा गेलेला छेद यांपैकी काहीही धरायची मुभा आहे. अट एवढीच की सगळ्या भागांना एकच आधार लावायचा. बीम तडा गेलेले आणि कॉलम पूर्ण, असे मनाला येईल तसे मिसळायचे नाही.

भूकंप, खचणे आणि तापमान आले की मात्र निव्वळ ताठपणा किती, हेच महत्त्वाचे ठरते. खचण्याचा आणि उन्हाचा मोमेंट थेट ताठपणाच्या पटीत वाढतो. भूकंपात उलटे होते: ताठपणा कमी धरला की इमारतीचा दोलनकाळ (एका हेलकाव्याचा वेळ) वाढतो आणि हिशोबात बळ कमी येते. एका प्रश्नासाठी जो आकडा सुरक्षित, तोच दुसऱ्या प्रश्नात धोक्याचा. एकच मॉडेल सगळ्या प्रश्नांना पुरत नाही ते यामुळे.

ई चा आकडा

ई म्हणजे काँक्रीटचा लवचिकता मापांक, एफसीके म्हणजे त्याची ताकद. आयएस ४५६ प्रमाणे ई = ५००० × √एफसीके. एम२५ ला २५,००० मेगापास्कल. प्रत्यक्ष मोजलेली किंमत २० टक्के इकडे-तिकडे असू शकते, हे कोडच सांगते. पोत्यावर मोजलेले सिमेंट, घमेल्यावर मोजलेली रेती आणि मिक्सरमध्ये अंदाजाने ओतलेले पाणी, असे काँक्रीट असेल तर चूक बहुधा खालच्याच बाजूला होणार. एम२५ लिहून एम२० च्या जवळपास मिळाले तरी ई मध्ये फरक फक्त साडेदहा टक्क्यांचा, कारण वर्गमूळ. त्यामुळे ई वर फार डोके चालवू नये. ताकदीसाठी मात्र त्या पाण्याचा हिशोब घ्यावाच लागतो.

टिकून राहणाऱ्या भाराला क्रीप, म्हणजे काँक्रीटचे हळूहळू दबत जाणे, धरायचा. भार पडताना काँक्रीटचे वय २८ दिवस असेल तर क्रीप गुणांक १.६, ७ दिवस असेल तर २.२. दीर्घकालीन ई म्हणजे २५,००० भागिले २.६, सुमारे ९,६०० मेगापास्कल. सेंट्रिंग भाड्याचे, म्हणून सातव्या दिवशी काढून पुढच्या कामावर नेले तर भाजक ३.२ होतो. स्लॅब पुढे पाच-सात वर्षे ‘बसत’ राहतो, त्याचे एक कारण इथे आहे.

आय: पूर्ण छेद की तडा गेलेला

आय म्हणजे छेदाच्या आकारावरून ठरणारा, वाकण्याला विरोध करणारा आकडा. ताठपणा ई आणि आय यांच्या गुणाकारावर ठरतो. भूकंपाच्या विश्लेषणासाठी आयएस १८९३ (भाग १):२०१६ चा नियम सरळ आहे. कॉलमला पूर्ण छेदाच्या आय च्या ७० टक्के, बीमला ३५ टक्के. उंच इमारतींच्या आयएस १६७००:२०१७ मध्ये आणखी तपशील मिळतो. गुणित (सुरक्षेसाठी वाढवलेल्या) भारांसाठी स्लॅब ०.२५, बीम ०.३५, कॉलम आणि भिंती ०.७, अगुणित भारांसाठी स्लॅब ०.३५, बीम ०.७, कॉलम आणि भिंती ०.९. हे कोड ५० मीटरच्या वरच्या इमारतींचे आहे, आपल्या तिमजलीला बंधनकारक नाही. पण रोजच्या भाराखाली बीमला तडे कमी आणि भूकंपात जास्त, ही समज त्या दोन ओळींत नीट उतरलेली आहे.

हे गुणक भरताना तीन ठिकाणी घोळ होतो.

ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये गुणक सेक्शनच्या व्याख्येतही देता येतात आणि निवडलेल्या बीमवर वेगळेही लावता येतात. दोन्हीकडे ०.३५ भरले तर गुणाकार होतो, आणि बीम ०.१२२५ वर येतो. जुनी फाइल उघडून त्यावरच नवे काम करायची सवय असेल तर हे हमखास घडते. विस्थापन अचानक जास्त दिसू लागले तर पहिली शंका हीच घ्यावी. स्टॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मेंबर क्रॅक्ड’ आणि ‘रिडक्शन’ या आज्ञेने गुणक लागतो. तो त्या फाइलमधल्या सगळ्याच भारांना लागतो, म्हणून भूकंपाची आणि रोजच्या भाराची फाइल वेगळी ठेवावी.

दुसरा घोळ वस्तुमानाच्या आणि वजनाच्या गुणकाचा. आय चा रकाना समजून कुणी तिथे ०.३५ टाकले तर इमारत कागदावर हलकी होते. बेस रिअॅक्शनची बेरीज हातच्या हिशोबाशी ताडली की हे लगेच उघडे पडते. नमुन्यात स्लॅबचे क्षेत्रफळ ९८ चौरस मीटर, तीन पातळ्या, सरासरी ११ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरले तर ३,२०० किलोन्यूटनच्या आसपास यायला हवे. २,४०० आले तर काहीतरी हरवले आहे.

तिसरा घोळ टी-बीमचा. आपल्या बीमचा आयताकृती आय १.७५ × १०⁹ मिमी⁴. स्लॅबची पट्टी धरून टी-छेद केला तर आयएस ४५६ प्रमाणे पट्टीची रुंदी सुमारे १,३९० मिमी आणि आय ३.५ × १०⁹ मिमी⁴, म्हणजे दुप्पट. टी धरून ०.३५ लावा किंवा आयत धरून, उत्तरात शंभर टक्क्यांचा फरक. टोकाजवळ वर ताण असतो, पट्टी तडकते. मधल्या भागात पट्टी दाबात असते, तिथे ती पूर्ण कामाची. साध्या इमारतीला आयत धरून चालावे, आणि सरकण्याची मर्यादा थोडक्यात ओलांडली जात असेल तरच टी कडे वळावे. स्लॅब मॉडेलमध्ये शेल (पृष्ठभाग) म्हणून वाकण्याच्या ताठपणासह टाकला असेल तर बीम टी धरू नका, तोच स्लॅब दोनदा मोजला जातो. असा शेल बीमचा मोमेंटही चोरतो. गुणक न लावलेला स्लॅब बीमच्या वाट्याचा भार स्वतः घेतो, बीमला सळई कमी निघते, आणि स्लॅबला मात्र मिस्त्री नेहमीचीच जाळी बांधतो. शेलच्या वाकण्याला ०.२५ लावा, किंवा स्लॅब मेंब्रेन (वाकण्याचा ताठपणा नसलेला) ठेवून भार बीमवर वाटा.

पाया: ‘फिक्स्ड’ हा शब्द काळ्या मातीत फार महाग पडतो

इथे थांबून हिशोब करावा. फूटिंगचा फिरण्याविरुद्धचा ताठपणा म्हणजे जमिनीचा सबग्रेड मॉड्युलस (जमीन ठरावीक दबायला किती दाब लागतो) गुणिले फूटिंगच्या तळाचा आय. १.५ मीटर चौरस तळाचा आय १.५⁴ ÷ १२ = ०.४२ मीटर⁴. सबग्रेड मॉड्युलस १२,००० किलोन्यूटन प्रति घनमीटर धरला तर फिरण्याची स्प्रिंग सुमारे ५,१०० किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियन.

आता त्यावर उभा असलेला, प्लिंथपर्यंत २ मीटरचा कॉलम बघा. ४५० च्या दिशेने ४ईआय÷एल (एल म्हणजे लांबी), ०.७ गुणक लावून, सुमारे ६१,००० येतो. २३० च्या दिशेने १६,०००. म्हणजे ताठ दिशेत जमिनीचा ताठपणा कॉलमच्या बाराव्या हिश्श्याइतका आणि नाजूक दिशेत तिसऱ्या हिश्श्याइतका. ताठ दिशेत तरी हा पाया ‘फिक्स्ड’पेक्षा बिजागरीच्या कितीतरी जवळ आहे.

परिणाम कुठे दिसतो? ‘फिक्स्ड’ धरले की कॉलमच्या तळाला मोठा मोमेंट येतो, फूटिंग विनाकारण मोठी होते आणि प्लिंथ बीमला जवळजवळ काहीच येत नाही. मग प्लिंथ बीम २३० × ३०० चा, वर दोन-खाली दोन १२ मिमी, रिंगा २०० वर, असा ‘भिंत झेलायला’ टाकला जातो. प्रत्यक्षात फूटिंग थोडी फिरते आणि तो मोमेंट वर सरकून प्लिंथ बीममध्येच येतो. ज्याला काम सांगितलेच नव्हते, त्याच्यावर काम पडते.

म्हणून तीन वेळा चालवा: एकदा फिक्स्ड, एकदा स्प्रिंग, एकदा बिजागरी. फूटिंगचे आकारमान स्प्रिंग आणि फिक्स्ड या दोहोंतल्या मोठ्या मोमेंटवर ठरवा. प्लिंथ बीम आणि तळमजल्याच्या कॉलमचे वरचे टोक स्प्रिंग आणि बिजागरीतल्या मोठ्या आकड्यावर. मातीचा अहवाल नसेल तर सबग्रेड मॉड्युलस निम्मा आणि दुप्पट करून बघा. उत्तर फारसे हलत नसेल तर निश्चिंत राहा. हलत असेल तर दोन खड्डे घेऊन माती तपासण्याचा खर्च मालकाला आत्ताच पटवावा.

कॉलमचा तळ मॉडेलमध्ये फूटिंगच्या माथ्यावर घ्या, प्लिंथवर नव्हे. ‘आजूबाजूला माती दाबलेली आहे, ती धरून ठेवेल’ हा युक्तिवाद मुरमात थोडा चालेल. काळ्या मातीत एप्रिल-मेमध्ये हात जाईल अशा भेगा पडतात आणि माती कॉलमपासून सुटते. पाऊस लागला की तीच फुगून प्लिंथ बीमला खालून उचलू बघते. त्या मातीचा आधार ताठपणात धरू नये. प्लिंथ बीमखाली मोकळी जागा ठेवावी. अंडर-रीम्ड पायल (खाली फुगवटा असलेले जमिनीतले खांब) असतील तर ८० मिमी. तिथे विटांचे तुकडे भरून ‘पक्के’ करणाऱ्या मिस्त्रीला वेळीच थांबवावे.

भिंत: कागदावर वजन, जागेवर तिरका खांब

चौकटीत बसवलेली २३० मिमीची वीटभिंत आडव्या बळाखाली कर्णावर दाबली जाते आणि तिरक्या दांड्यासारखी वागते. आयएस १८९३:२०१६ मध्ये तिचा हिशोब दिलेला आहे. गावभट्टीची वीट ३.५ मेगापास्कल आणि मसाला ३ मेगापास्कल धरला तर:

भिंतीची ताकद = ०.४३३ × ३.५ चा ०.६४ वा घात × ३ चा ०.३६ वा घात = १.४३ मेगापास्कल.
भिंतीचा ई = ५५० × १.४३ = सुमारे ७९० मेगापास्कल.

चौकट आणि भिंत यांच्या तुलनेचा गुणांक काढून रस्त्याला समांतर, म्हणजे कॉलमच्या नाजूक दिशेतल्या, एका खणात तिरक्या दांड्याची रुंदी जवळपास ४८० मिमी येते. त्याचा आडवा ताठपणा सुमारे १२.५ किलोन्यूटन प्रति मिमी. त्याच दिशेत एका कॉलमचा ताठपणा, वरखालचे बीम अगदी ताठ धरले तरी, ३.२. म्हणजे गावभट्टीच्या विटेची एक भिंत चार कॉलमांइतकी ताठ. वीट कमकुवत आहे म्हणून तिला मोजायचे नाही, असे म्हणणारे ताकद आणि ताठपणा एकत्र करतात. काच कमकुवत असते, पण वाकत नाही.

आता नमुना इमारतीत रस्त्याला समांतर दिशा घेऊ. पंधरा कॉलम मिळून ४८ किलोन्यूटन प्रति मिमी. तळमजल्यावर समोर शटर, मध्ये मोकळे दुकान, मागच्या बाजूला दोन खणांची भिंत: २५. एकूण ७३. वरच्या मजल्यावर समोर, मध्ये आणि मागे भिंती, सहा खण: ७५ अधिक ४८, म्हणजे १२३. खालचा मजला वरच्याच्या साठ टक्के. बीम ताठ न धरता त्यांचा ०.३५ आय वापरला तर कॉलमांचे ४८ निम्म्यावर येतात आणि हे प्रमाण ५० टक्क्यांवर घसरते. २०१६ च्या कोडप्रमाणे वरच्या मजल्यापेक्षा कमी ताठपणा असलेला मजला ‘सॉफ्ट स्टोरी’. भिंती न घातलेल्या मॉडेलमध्ये याचा मागमूसही लागत नाही. तिथे सगळे मजले सारखेच दिसतात.

शिवाय तळमजल्याची एकमेव भिंत मागे. ताठपणाचे केंद्र समोरून ७ मीटरवर राहायचे ते ९.४ मीटरवर जाते. १४ मीटरच्या इमारतीत २.४ मीटरची विकेंद्रता. आडवे बळ आले की इमारत मागच्या भिंतीभोवती फिरते, आणि सर्वात जास्त सरकतात ते शटरच्या बाजूचे, नाजूक दिशेने ठेवलेले कॉलम.

उपाय मॉडेलमध्ये नाही, नकाशात आहे. पंधरापैकी निदान समोरच्या ओळीतले काही कॉलम आडवे फिरवा. शटरची रुंदी एका खणामागे वीतभर कमी होईल, मालक कुरकुर करेल. किंवा समोरच्या बाजूला जिन्याच्या कडेने एखादी छोटी काँक्रीटची भिंत द्या. तेही शक्य नसेल तर तळमजल्याच्या कॉलमना पूर्ण उंचीभर जवळ रिंगा द्या आणि त्यांचे हूक १३५ अंशात वळवून घ्या. ९० अंशाची रिंग उघडायला वेळ लागत नाही.

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांमुळे फ्लाय अॅशच्या विटा आता गावोगाव मिळतात. त्यांची ताकद गावभट्टीपेक्षा जास्त असेल तर भिंतीचा ताठपणाही वाढतो. नकाशात एक वीट आणि कामावर दुसरी, असे झाले तर वरचा हिशोब पुन्हा करा. दरवाजा कोपऱ्यात असेल तर कर्ण तुटतो. त्या भिंतीला दांडा न धरता एकदा आणि धरून एकदा चालवून बघावे.

दोलनकाळाची पळवाट

भिंतीविना, तडा गेलेल्या छेदाचे, स्प्रिंगवरचे मॉडेल चालवले की नमुना इमारतीचा दोलनकाळ ०.९ ते १.२ सेकंद येतो. मध्यम जमिनीला १ सेकंदावर वर्णपटाचा (दोलनकाळावरून भूकंपाचे बळ सांगणाऱ्या आलेखाचा) आकडा १.३६. कोडच्या सूत्राने मात्र मोकळ्या चौकटीला ०.०७५ × ९.३ चा ०.७५ वा घात, म्हणजे ०.४ सेकंद, भिंती धरून ०.०९ × ९.३ ÷ √७ = ०.३२ सेकंद. दोन्हीला आकडा पूर्ण २.५. कमी ताठपणा धरून बळ जवळपास निम्मे करता येते, आणि कोडला ही युक्ती ठाऊक आहे. म्हणून डायनॅमिक विश्लेषणाचा बेस शिअर (पायथ्याशी येणारे एकूण आडवे बळ) सूत्राच्या दोलनकाळाने काढलेल्या बेस शिअरपेक्षा कमी आला तर त्या प्रमाणात सगळी उत्तरे वाढवायची असतात. ही पायरी गाळलेली फाइल तपासणीत सर्वात जास्त वेळा सापडते. नागपूरसह विदर्भाचा बहुतेक भाग २०१६ च्या नकाशात झोन २ मध्ये आहे. गोदावरी-प्राणहितेच्या बाजूचे काम असेल तर नकाशा उघडून खात्री करावी.

सरकण्याची मर्यादा मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पट, आपल्याकडे १२.४ मिमी. ती ०.३५ आणि ०.७ लावलेल्या मॉडेलवरच तपासायची.

आखूड कॉलम

कॉलमचा आडवा ताठपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोल्यांत खिडकीखाली भिंत आणि वर सलग खिडक्या असतात. बीमखाली २.६५ मीटर मोकळा कॉलम खिडकीजवळ १.२ मीटरच मोकळा उरला, तर त्याचा ताठपणा जवळपास ११ पट. व्हरांड्याच्या बाजूचे मोकळे कॉलम बघत राहतात आणि सगळे बळ हा आखूड कॉलम ओढून घेतो. जिन्याच्या मधल्या लँडिंगचा बीम कॉलमच्या अर्ध्यावर अडकवला की ८ पट. जिन्याचा तिरका स्लॅब स्वतःही दांड्यासारखा काम करतो. मॉडेलमध्ये तो फक्त भार म्हणून टाकलेला असतो. खिडकीखालची भिंत आणि कॉलम यांत फट ठेवून ती मऊ पदार्थाने भरावी. ते होणार नसेल तर त्या कॉलमला पूर्ण उंचीभर १०० मिमीच्या आत रिंगा द्याव्यात.

पीळ कुठे सोडायचा, कुठे नाही

दुय्यम बीम मुख्य बीमवर टेकतो तेव्हा मुख्य बीमला येणारा पीळ सोडून देता येतो. पिळाचा ताठपणा नगण्य, म्हणजे ०.०१ वगैरे धरला की तो मोमेंट दुय्यम बीमच्या मधल्या भागात जातो आणि समतोल टिकतो. आयएस ४५६ ला हे मान्य आहे. पण रस्त्यावर काढलेला सज्जा किंवा गॅलरी फक्त कडेच्या बीमवर तोललेली असेल, आत सलग स्लॅब नसेल, तर तो पीळ समतोलाचा आहे. तिथे ०.०१ लावले की सॉफ्टवेअर भला मोठा कोनीय फिरणे दाखवते किंवा मूकपणे चुकीची सळई देते. सगळे बीम निवडून एकदम गुणक लावायची सवय इथे अंगाशी येते. सज्ज्याचे बीम वेगळ्या नावाचा सेक्शन करून ठेवा.

वर टिना असतील तर

तिसरा मजला ‘पुढच्या वर्षी’ म्हणून कॉलमची टोके वर काढून टिनपत्रे टाकलेली घरे खूप. त्या पातळीला रिजिड डायाफ्राम (सगळे कॉलम एकत्र सरकतात हे गृहीतक) लावू नका. टिना आणि लोखंडी पाइप कॉलमांना एकत्र धरून ठेवत नाहीत. तिथला प्रत्येक कॉलम एकटाच झुलतो. जिथे स्लॅब आहे तिथे डायाफ्राम योग्य, पण जिन्याचा मोठा गाळा असेल तर त्यापलीकडची अरुंद पट्टी वेगळी तपासा.

खचणे आणि ऊन

शेजारच्या दोन फूटिंगांत १० मिमीचा फरक पडला, ३.५ मीटरच्या अंतरात. दोन्ही टोके ताठ धरून बीमचा मोमेंट ६ईआय × सरक ÷ एल². पूर्ण छेदाने २१४ किलोन्यूटन-मीटर. २३० × ४५० च्या बीमला हा आकडा पेलणारा नाही, आणि तो पाहून माणूस दुप्पट सळई टाकतो. ०.३५ ने ७५. खचणे वर्षभर हळूहळू होत असेल तर क्रीपचा भाजक २.६ लावून २९ च्या आसपास. खरे उत्तर या शेवटच्या दोहोंत असते: मातीचे संथ खचणे २९ कडे, आणि पहिल्या पावसात काही आठवड्यांत होणारे फुगणे ७५ कडे. इथे जास्त ताठ बीम म्हणजे जास्त बळ. बीमची खोली वाढवून प्रश्न सुटत नाही. फूटिंगची पातळी खाली नेणे, मुरमाचा थर देणे, छताचे पाणी पायापासून दूर काढणे, हे स्वस्त पडते.

उन्हाचेही तसेच. आयएस ४५६ प्रमाणे ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीला साधारणपणे जोड द्यायचा. ४२ मीटरच्या शाळेला २० अंशांचा फरक आणि काळ्या दगडाच्या गिट्टीचा प्रसरणांक ०.९ × १०⁻⁵ धरला तर टोकाचा कॉलम ३.८ मिमी सरकतो. कॉलमची २३० ची बाजू लांबीच्या दिशेत असेल तर पूर्ण छेदाने १७ किलोन्यूटनच्या आसपास शिअर (आडवे बळ), ४५० ची असेल तर त्याच्या जवळपास चौपट. लांब इमारतीत टोकाचे कॉलम कसे ठेवायचे, हे अकोल्याच्या मे महिन्याचा विचार करून ठरवावे.

झोल आणि तडे

गॅलरीच्या झोलाला ०.३५ चा ठोकताळा वापरू नका. आयएस ४५६ च्या परिशिष्ट क मधला परिणामी आय भारावर अवलंबून असतो. १.२ मीटर बाहेर काढलेल्या १२५ मिमीच्या स्लॅबवर वजन, फिनिश, ३ किलोन्यूटन चल भार आणि विटांचा कठडा धरून प्रति मीटर ८ किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. तडा पडायची सीमा ९.१. कागदावर स्लॅब तडकत नाही. पण सेंट्रिंग लवकर काढले किंवा कठडा दगडी केला की ती सीमा ओलांडली. त्यात काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली वरची सळई दबून परिणामी खोली १०० वरून ७० मिमी झाली, तर तडा गेलेल्या छेदाचा आय निम्मा होतो. खुर्च्या, म्हणजे सळईखालचे टेकू, किती अंतरावर हवेत ते नकाशावर लिहा.

चालवण्याआधी आणि चालवल्यावर

एका मजल्यावर रस्त्याला समांतर १०० किलोन्यूटन लावून त्या मजल्याचा सापेक्ष सरक बघा. बीम अगदी ताठ असते तर १०० ÷ ४८ = २.१ मिमी. ०.३५ च्या बीमने ४ मिमीच्या आसपास यायला हवे. २ किंवा त्याहून कमी आले तर गुणक लागलेलाच नाही किंवा कुठेतरी भिंत शेल म्हणून शिरली आहे. १० आले तर गुणक दोनदा लागला आहे.

नमुना इमारतीसाठी एवढी मॉडेल पुरतात: रोजच्या भारासाठी पूर्ण छेद, स्प्रिंगचा पाया; भूकंपासाठी ०.७ आणि ०.३५, एकदा भिंतींसह, एकदा भिंतींविना, दोन्हीचा बेस शिअर सूत्राशी जुळवून. आणि पायाच्या तीन अवस्था. प्रत्येक कॉलमला या सगळ्यांतली मोठी सळई. खर्चात फार फरक पडत नाही, कारण वाढ तळमजल्याच्या काही कॉलमांत आणि प्लिंथ बीममध्येच होते.

शेवटी नकाशाच्या कोपऱ्यात चार ओळी लिहा: ताठपणाचे कोणते गुणक धरले, पाया कसा धरला, कोणत्या भिंती ताठपणात मोजल्या आणि पुढे किती मजले गृहीत आहेत. मोजलेल्या भिंतींवर लाल रेघ ओढा. दहा वर्षांनी दुकान वाढवायला मालक मागची भिंत पाडून तिथेही शटर बसवायला निघतो. तेव्हा आपण तिथे नसतो. तो नकाशा कुणीतरी भिंतीला धरून वाचत असते.